पाय, पाठ, हात

जून २०२४ मधल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या हातून टूथब्रश खाली पडला. तो उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. म्हणजे अक्षरशः तसाच. बेसिनची कड धरून, काटकोनात. ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. रूममेट बाथरूमच्या दारावर थापा मारत होता, "अरे मला नऊची कॅब आहे!" आणि मी आतून त्याला समजावत होतो की मला कडी काढता येत नाहीये. दहा मिनिटांत कसाबसा दारापर्यंत सरकलो. त्याची कॅब अर्थातच गेली.

मग डॉक्टर, एमआरआय, आणि आयटीवाल्यांना पाठ असलेली ती दोन अक्षरं-दोन आकडे: एल फोर-एल फाइव्ह. डिस्क बल्ज. ऑपरेशनची गरज नाही, आराम करा, मग फिजिओ. वय वर्षं २८. ऑफिसमध्ये ज्याला सांगितलं त्याने एकच निदान केलं, "खुर्ची! तासन्‌तास बसून दुसरं काय होणार?" मीही मान डोलावली. खरं कारण मला माहीत होतं. आदल्या रात्री जिममधल्या रोइंग मशीनवर मी ५००० मीटर ओढले होते, आणि ते माझं आजवरचं बेस्ट टायमिंग होतं.

आमच्या ऑफिसच्या जिममध्ये हे मशीन एका कोपऱ्यात पडून असायचं. पुढे पंखा असलेलं एक धूड, त्याला साखळी, साखळीला हँडल, आणि रुळावर मागे-पुढे सरकणारी सीट. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या दोन भावांनी १९८१ मध्ये सायकलचे सुटे भाग जोडून असलं पहिलं मशीन बनवलं आणि मग ते जगभर पसरलं. ट्रेडमिलसाठी रांग लागायची, याला कोणी विचारायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला ते आवडलं ते त्याच्या स्क्रीनमुळे. दर स्ट्रोकला आकडे! ५०० मीटरला किती वेळ, मिनिटाला किती स्ट्रोक, किती वॅट. दिवसभर डॅशबोर्ड बघणाऱ्याला संध्याकाळी अजून एक डॅशबोर्ड.

शिकवणारा कोणी नव्हता. आणि शिकायचं आहे काय त्यात, असं वाटायचं. बसा, पकडा, ओढा. पंख्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा एक खटका असतो, तो मी १० वर ठेवायचो. जास्त आकडा म्हणजे जास्त व्यायाम, नाही का? (नाही. तो खटका पंख्यात हवा किती शिरू द्यायची एवढंच ठरवतो. १० वर ठेवलं की जड, रुंद होडी ओढल्यासारखं लागतं. बहुतेक जाणकार ३ ते ५ च्या मधे ठेवतात. ही माहिती मशीनच्या पुस्तिकेत होती. मॅन्युअल न वाचणारा मी पहिला इंजिनिअर नव्हे.)

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "कुठला व्यायाम करता?"

"रोइंग."

"करून दाखवा."

मी स्टुलावर बसून हवेत ओढून दाखवलं. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, मशीन वाईट नाहीये. तुम्ही जे करताय ते मशीनवर करा, नाहीतर अंगणात करा, कंबर जाणारच.

घरी येऊन हे रूममेटला सांगितलं. आणि इथे मला कबूल करावं लागेल की आमची ही रूम किती बिनकामाची होती! तीन वर्षं आम्ही एकत्र राहत होतो, क्रिकेट, अप्रेझल आणि कामवाल्या मावशी यांच्यावर आमच्या तासन्‌तास चर्चा झाल्या होत्या. तो सीओईपीचा, हे माहीत होतं. तो कॉलेजची चारही वर्षं तिथल्या बोट क्लबमध्ये होता, हे त्या दिवशी कळलं.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मुळा-मुठेच्या संगमाजवळ या कॉलेजचा स्वतःचा बोट क्लब आहे, १९२८ पासूनचा. पोरं पहाटे उठून नदीवर वल्हवायला जातात आणि वर्षातून एकदा रेगाटा होते. काठावर ही गर्दी, पाण्यात होड्यांच्या रचना, अंधार पडला की मशाल डान्स. मी एकदा बघायला गेलो होतो आणि भेळ खाऊन परत आलो होतो. पाण्यात काय चाललंय त्यातलं काही कळलं नव्हतं.

फोनमध्ये माझा एक जुना व्हिडिओ होता, जिममध्ये मित्राने काढलेला. रूममेटने तो तीनदा पाहिला.

"तू रोइंग करतच नाहीयेस. तू विहिरीतून पाणी शेंदतोयस."

पुढचा अर्धा तास त्याने जे सांगितलं ते एवढंच: वल्हवणं हे ओढणं नसतं, ढकलणं असतं. पायांनी फूटप्लेट ढकलायची. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे, बहुतेक जोर तिथून येतो. पाय जवळजवळ सरळ झाले की मग पाठ, तीसुद्धा खुब्यातून मागे जाते, कमरेतून नाही. आणि सगळ्यात शेवटी हात. परत पुढे येताना बरोब्बर उलटं: आधी हात सरळ, मग धड पुढे, मग गुडघे मुडपायचे. पाय-पाठ-हात. हात-पाठ-पाय. संपलं.

मी काय करत होतो? आधी हात, लगेच पाठ, आणि पाय सवडीने. सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर, तोही पाठ धनुष्यासारखी वाकवून, मिनिटाला छत्तीस वेळा. दीड वर्ष. सिक्वेन्सचा बग होता, आणि तो प्रोडक्शनमध्ये फुटला.

ऑफिसने तीन महिने घरून काम करायला परवानगी दिली आणि मी हिंगणघाटला आलो.

वर्धा जिल्ह्यात रोइंग, असं म्हटलं तरी आमच्याकडे लोक हसतील. गावाला वणा नदी आहे. पावसाळ्यात ती घरात येते की काय अशी भीती, आणि उन्हाळ्यात तिच्यात होडी सोडायची तर आधी पाणी सोडावं लागेल. पण रूममेटने पुण्यात एक सेकंडहँड मशीन शोधून दिलं (कोणाचा तरी लॉकडाऊनमधला उत्साह), आणि ऑगस्टमध्ये ते ट्रान्सपोर्टने आमच्या दारात येऊन पडलं. दोन भागांत. बाबा चाळीस वर्षं बाजार समितीतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे त्यांनी उतरवायला यार्डातले दोन ओळखीचे हमाल बोलावले. पंख्याचा भाग गाडीतून खाली घेताना मी उगाच शूरपणा करत पुढे झालो आणि वाकलो.

"सरका भाऊ," त्यातले साठीचे काका म्हणाले. "कंबरेनं उचलता काय? उद्या उठनं होनार नाई. पायानं उचला न."

आणि त्यांनी करून दाखवलं. गुडघे मुडपले, बूड मागे गेलं, पाठ फळीसारखी. हात नुसते लटकलेले, हूक अडकवल्यासारखे. मग पाय सरळ झाले आणि ते धूड आपोआप वर आलं. मी बघतच राहिलो. रूममेटने कॉलवर अर्धा तास जे सांगितलं होतं ते दोन सेकंदांत समोर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर मुद्दाम यार्डात गेलो. तासभर एका कट्ट्यावर बसून हमाल बघितले. दोघं जण पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. तो तिसरा वाकतो ते खुब्यातून. पाठीला बाक येत नाही. सुरुवातीचा जोर पायांचा, मग धड, आणि हात फक्त पोतं सांभाळायला. नवखा पोरगा लगेच ओळखू येतो, तो हातांनी झोंबतो. काका म्हणाले, त्यांच्या उमेदीत क्विंटलचं पोतं असायचं, आता पन्नास किलोचं आलंय. मला हे सगळं फार भारी वाटत होतं. मग ते उठले, आणि उठताना त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. पाठ शाबूत होती, गुडघे गेले होते. टेक्निक बरोबर असली तरी चाळीस वर्षं पोती उचलायची असतील तर काहीतरी जातंच. मी त्या मशीनसाठी किती पैसे मोजले हे त्यांनी विचारलं. मी निम्मे सांगितले. तरी ते म्हणाले, "पैसे देऊन हमाली!"

गल्लीत बातमी पसरली. शेजारच्या काकू आल्या, मशीनभोवती एक फेरी मारली आणि आईला म्हणाल्या, "होडी घेतली म्हनते पोट्ट्यानं. नदी कवा घेते?"

आता शिकायचं कसं, तर तुकड्या-तुकड्याने. पहिला आठवडा फक्त हात. पाय सरळ ठेवून बसायचं आणि हँडल नुसतं हातांनी छातीच्या खालच्या बरगड्यांपर्यंत आणायचं, सोडायचं. दुसऱ्या आठवड्यात हात आणि धड. मग अर्धी सीट. मग पूर्ण. रोज दहा-पंधरा मिनिटं, खटका ४ वर. फिजिओ बाईंना व्हिडिओ, रूममेटला व्हिडिओ. एवढं कंटाळवाणं काम मी कोडिंगमध्येही केलेलं नाही. स्क्रीनवर आकडे इतके केविलवाणे यायचे की शेवटी मी तिच्यावर रुमाल टाकला.

चुका मात्र मजेदार होत्या. एक चूक अशी की हात सरळ व्हायच्या आधीच गुडघे वर यायचे, मग हँडलला त्यांच्यावरून टेकडी चढून जावं लागायचं. साखळी एका आडव्या सरळ रेषेत जायला-यायला पाहिजे. माझी सह्याद्री काढत होती. ती सुधारली तर दुसरी: पाय जोरात ढकलायचे, सीट सुसाट मागे जायची, आणि हँडल जागच्या जागी. म्हणजे नुसतं बूड प्रवासाला निघालंय, बाकीचा मी स्टेशनवरच! पायांचा जोर हँडलपर्यंत पोचायचा तर मधला पूल, म्हणजे पोट आणि पाठ, ताठ हवा. हे समजायला मिनिट लागलं, जमायला तीन आठवडे.

सगळ्यात अवघड होतं ते पुढे येणं. त्याला रिकव्हरी म्हणतात. ओढायला जेवढा वेळ, त्याच्या साधारण दुप्पट वेळ पुढे यायला लावायचा. मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटायचा. यात काही काम होत नाही, मग उरकून टाका ना पटकन! रूममेटने तेव्हा पाण्यातली गोष्ट सांगितली. एकट्याने वल्हवायची होडी, सिंगल स्कल, आठ मीटरच्या आसपास लांब असते आणि तिचं वजन नियमाप्रमाणे कमीत कमी १४ किलो. वर बसलेला माणूस ऐंशी-नव्वदचा. तो होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो. वल्हं मारून झाल्यावर तो पायांकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, सरकतो तेव्हा त्याच्या खालून हलकी होडी पुढे पळते. होडीचा सगळ्यात जास्त वेग वल्हं पाण्यात असताना नसतो, वल्हं पाण्याबाहेर असताना असतो. आणि तेवढ्यात तुम्ही घाईने झेपावून फूटप्लेटवर धाडकन आदळलात, तर होडीला स्वतःच ब्रेक लावता.

"मशीनवर हे दिसत नाही, म्हणून लोक शिकत नाहीत," तो म्हणाला.

पण ते दिसलं, आणि दाखवलं बाबांनी. ते रोज सकाळी तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचायचे. एक दिवस म्हणाले, "तुझी होडी चालून रायली बे." खरंच, रोज पंधरा मिनिटांनंतर मशीन फरशीवर बोटभर पुढे सरकलेलं असायचं. मी दर वेळी पुढे येऊन आदळायचो, त्याचा तो हिशोब. बाबांनी खडू आणला आणि मशीनच्या पुढच्या पायाशी रेघ मारली. त्या दिवसापासून आमच्या घरात माझी प्रगती खडूच्या रेघेवर मोजली जाऊ लागली. रेघेच्या पुढे गेलो की पेपरामागून आवाज यायचा, "सरकली." दुसरं काही नाही, एवढंच. चाळीस वर्षं काट्यावरचं वजन बघितलेला माणूस. त्यांच्यापुढे सबबी चालत नाहीत.

त्या दिवसांत मी दत्तू भोकनळबद्दल मिळेल ते वाचलं आणि पाहिलं. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याची मारामार असलेलं गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जाणारा मुलगा. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला, उंची बघून त्याला रोइंगमध्ये घातलं, आणि सुरुवातीला त्याला पाण्याचीच भीती वाटायची. चार वर्षांनी हा माणूस रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये होता. एकूण तेरावा आला, शेवटच्या शर्यतीत २००० मीटर ६ मिनिटं ५४ सेकंदांत. २०१८ च्या एशियाडमध्ये एके दिवशी सिंगलच्या फायनलमध्ये सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या होडीत सुवर्ण. त्याच्या शर्यतीचा व्हिडिओ मी स्लो करून पाहायचो. हात बघू नकोस, गुडघे बघ, असं रूममेटने सांगितलं होतं. गुडघे घाई करतच नाहीत. हात निघून जातात, धड पुढे झुकतं, आणि मग कुठे गुडघे उठतात. दुष्काळी गावातला पोरगा पाण्यावर हे शिकतो, तर मला हॉलमध्ये पंख्याखाली बसून शिकायला काय हरकत होती?

हरकत भीतीची होती. हे कोणाला सांगितलं नव्हतं. दर वेळी हँडल पकडताना मला तो टूथब्रश आठवायचा. जुलैमध्ये ताई भाचीला घेऊन आली होती. सव्वादोन वर्षांची पोरगी, दारातून धावत आली आणि हात वर करून माझ्यासमोर उभी राहिली. मी पट्टा बांधून भिंतीला टेकलेलो. "मामाला बरं नाही गं," आई म्हणाली. पोरीने हात थोडा वेळ तसेच वर ठेवले. मग वळून बाबांकडे गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याकडे आली नाही. बारा किलोची पोर. जिममध्ये मी स्वतःला काय समजत होतो!

थोडे आकडेही सांगतो, त्याशिवाय मला चैन पडणार नाही. या मशीनचं गणित असं आहे की वॅट म्हणजे २.८ भागिले वेगाच्या हिशोबाचा घन, म्हणजे एका मीटरला लागणाऱ्या सेकंदांचा घन. ५०० मीटरला अडीच मिनिटं लागत असतील तर साधारण १०४ वॅट. तेच दोन मिनिटांत करायचं तर २०३. फक्त तीस सेकंद वाचवायला जवळजवळ दुप्पट जोर! म्हणून हातांनी झोंबून काही होत नाही. कंबर मोडण्याआधी माझं २००० मीटरचं बेस्ट होतं ८ मिनिटं २४ सेकंद, मिनिटाला ३६ स्ट्रोक. बाईंनी आणि रूममेटने दोघांनीही हिरवा कंदील दिल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुन्हा पुण्यात ऑफिसच्या मशीनवर २००० मीटर केले: ८ मिनिटं ५० सेकंद, मिनिटाला २४ स्ट्रोक.

म्हणजे मी हळू झालोय. जिममधल्या एका ज्युनिअरने सहानुभूतीने सांगितलंही, "सर, खटका दहावर ठेवा, जास्त फायदा होतो." पण आधी मी तीनशे स्ट्रोक मारत होतो, आता दोनशे बारा. दर स्ट्रोकमागे २९२ ज्यूल होते, ते ३७५ झालेत. हा हिशोब मी त्या ज्युनिअरला पेपर नॅपकिनवर करून दाखवला. त्याने मान डोलावली आणि खटका दहावर ठेवून सुरू झाला. असो. त्याच्या फोनमध्ये त्याचा व्हिडिओ काढून दिलाय, बघेल कधीतरी.

खरी होडी अजून चालवलेली नाही. रूममेट म्हणतो, पाण्यात बसलास की पहिल्या पाच मिनिटांत उलटशील आणि सगळं नव्याने शिकावं लागेल, कारण मशीन तोल सांभाळायला शिकवत नाही. उलटायला माझी हरकत नाही. या हिवाळ्यात बघू.

यंदा होळीला घरी गेलो होतो. मशीन हॉलमध्येच आहे, त्याच्यावर सध्या आईची वाळवणं असतात. खडूच्या रेघा पुसल्या गेल्यात. चार्जर शोधताना बाबांच्या कपाटात एक लाल कापडी बांधणीची वही सापडली, दुकानात रोजमेळ लिहायचे तसली. उघडली तर ऑगस्ट २०२४ पासून रोजची नोंद. तारीख, मीटर, किती बोटं सरकली. आणि शेवटी एक रकाना, वर लिहिलेलं "कंबर". त्यात रोज एकच शब्द. सुरुवातीला "दुखते", मग बरेच दिवस "बरी", मग "ठीक". मला त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की आज दुखतंय का. कुठून बघून लिहीत होते कोण जाणे. उठताना मी कशाला हात लावतो त्यावरून, बहुतेक.

पानं उलटत भाऊबीजेवर आलो. ३ नोव्हेंबर, रविवार. ताई आली होती त्या दिवशी. पोरगी या वेळी दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली, तर मीच खाली बसलो, गुडघे मुडपून, पाठ सरळ ठेवून, आणि तिला घेऊन उठलो. खुर्चीवरून बाबांचा आवाज आला होता, "पायानं!" दोन मिनिटं ती कडेवर राहिली. मग तिला रुळावरची सीट दिसली.

त्या तारखेपुढे बाबांच्या अक्षरात होतं: मीटर निरंक. सीट दिवसभर पोरीकडे. कंबर ठीक.